कालव्यातून सॉल्टेअर: बोटीवरून गिरणीचं गाव बघायला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

इंग्लंडमध्ये लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर बोट भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मला सॉल्टेअरबद्दल वर्षभर प्रश्न येत असतात. बहुतेक जण दोन तासांत गाव उरकायचा बेत आखून निघतात. मी प्रत्येकाला एकच सांगते: इथे एक अख्खा दिवस द्या, आणि गिरणीइतकाच वेळ घरांच्या गल्ल्यांना द्या. माझे वडील परळच्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात होते, त्यामुळे या गावाबद्दल मी तटस्थ राहून लिहू शकत नाही.

1. सॉल्टेअर नेमकं आहे तरी काय?

यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डच्या जवळ, एअर नदीकाठी एका गिरणीमालकाने वसवलेलं हे गाव. मालकाचं नाव टायटस सॉल्ट. त्याचं आडनाव आणि नदीचं नाव जोडून गावाचं नाव झालं. गिरणी सुरू झाली 20 सप्टेंबर 1853 ला, सॉल्टच्या पन्नासाव्या वाढदिवशी. पुढच्या वीसेक वर्षांत तिच्याभोवती सुमारे 800 घरं, शाळा, इस्पितळ, चर्च, वृद्धांसाठी निवारा, बाग असं सगळं उभं राहिलं. आराखडे लॉकवूड आणि मॉसन या ब्रॅडफर्डच्या वास्तुरचनाकारांचे. 1986 मध्ये गिरणी बंद पडली. 2001 पासून अख्खं गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण हे संग्रहालय नाही. घरांत माणसं राहतात, सकाळी मुलं शाळेत जातात, कचऱ्याचे डबे गल्लीत ठेवलेले दिसतात.

2. म्हणजे आपल्यासारखीच कापडगिरणी ना, कापसाची?

नाही, आणि हा गैरसमज जवळपास सगळ्यांचाच असतो. मध्ये पेनाइनच्या डोंगररांगा आहेत. त्यांच्या पश्चिमेला लँकेशायर, तिथे कापूस. पूर्वेला यॉर्कशायर, इथे लोकर. एकच कालवा हे दोन्ही मुलूख जोडतो.

सॉल्टचं नशीब फळफळलं ते अल्पाकामुळे. दक्षिण अमेरिकेतल्या या उंटाच्या चुलतभावंडाची लोकर 1836 च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून होती. तिचं नीट सूत कसं काढायचं याचं गणित बसत नसल्यामुळे तिला गिऱ्हाईक नव्हतं. सॉल्टने ती घेतली, प्रयोग केले, आणि ताणा सुती व बाणा अल्पाकाचा असं चकाकणारं, हलकं कापड काढलं. इंग्लंडमधल्या बायकांना झग्यांसाठी ते फार आवडलं. जुन्या मराठी आठवणींमध्ये वकिलांच्या अंगावर अल्पाकाचा काळा कोट भेटतो, तो याच जातीच्या कापडाचा.

3. गिरणी नेमकी कालव्याकाठीच का बांधली?

सॉल्टच्या ब्रॅडफर्डमध्ये पाच गिरण्या होत्या. शहर धुराने काळवंडलं होतं, पाणी घाण होतं. 1849 मध्ये कॉलऱ्याची साथ आली. त्याच्या आदल्याच वर्षी सॉल्ट शहराचा महापौर झाला होता. शहराबाहेर पडायचं ठरल्यावर त्याने अशी जागा शोधली जिथे दक्षिणेला रेल्वे, उत्तरेला कालवा आणि पलीकडे नदी आहे. कालव्याने कोळसा आणि लोकर आत यायची, तयार माल बाहेर जायचा.

हा कालवा ब्रिटनमधल्या सर्वांत लांब कालव्यांपैकी एक. लांबी 127 मैल, मुख्य मार्गावर 91 लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. काम 1770 ला सुरू झालं आणि सगळा मार्ग जोडला गेला 1816 मध्ये. म्हणजे सॉल्ट आला तेव्हा पाणी कित्येक वर्षं वाहतंच होतं.

म्हणून बोटीनेच या. रस्त्याने येणाऱ्याला गिरणीचा दर्शनी भाग दिसतो. पाण्यावरून येताना एका बाजूला 1853 ची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला 1868 ची न्यू मिल, अशा दोन दगडी भिंतींच्या मधून बोट सरकते आणि इंजिनाचा आवाज दोन्हीकडून परत येतो. न्यू मिलची चिमणी व्हेनिसमधल्या फ्रारी चर्चच्या घंटाघरावर बेतलेली आहे. आपल्याकडे चिमणी म्हटलं की जी गोल विटांची उंच नळी डोळ्यांपुढे येते, तिच्याशी हिचं काही साम्य नाही.

4. बोट कुठून घ्यायची आणि किती दिवस ठेवायची?

स्किप्टन आणि सिल्सडन या दोन गावांतून भाड्याच्या बोटी मिळतात. स्किप्टनहून सॉल्टेअर पाण्याने सोळा-सतरा मैल आहे. गाडीच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण कालव्यावर वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं असतं. वाटेत 11 लॉक आणि बरेच फिरते पूल. पूल उघडायला कोणीतरी उतरायचं, बोट पुढे न्यायची, पूल बंद करायचा, मग त्या माणसाला पुन्हा बोटीवर घ्यायचं. प्रत्येक पुलाला दहा मिनिटं सहज जातात.

जायला दोन दिवस, सॉल्टेअरमध्ये एक, परतायला दोन. चार दिवसांचीच बोट घेतलीत तर मधला दिवस कापला जातो, आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे.

5. आम्ही कधी बोट चालवलेली नाही. परवाना लागतो का?

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या बोटीला चालकाचा परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी बोटवाले सगळं शिकवतात. त्या वेळी घरातल्या किमान दोघांनी हजर राहून ऐका, शक्य असेल तर मोबाइलवर चित्रित करून ठेवा. सुकाणू उलट्या दिशेने ढकलायचं असतं: बोटीला डावीकडे वळवायचं तर दांडा उजवीकडे. पहिला तास गोंधळ होतो, मग हात आपोआप शिकतो.

लॉकमधून खाली उतरताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते, ती इथेच सांगते. वरच्या दरवाजाच्या पायथ्याशी एक दगडी पायरी असते, तिला सिल म्हणतात. पाणी भरलेलं असताना ती दिसत नाही. पाणी उतरलं आणि बोटीचा मागचा भाग तिच्यावर अडकला, तर बोट पुढे कलून बुडू शकते. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट कायम तिच्या पुढे ठेवा. पाणी सोडत असताना एकाने फक्त बोटीवर नजर ठेवायची, दुसरं काहीही करायचं नाही.

6. कुठल्याही लांबीची बोट चालते का?

नाही. लीड्स ते विगन या पट्ट्यातले लॉक आखूड आहेत, साधारण 60 फुटी बोट बसते. इतर कालव्यांवर फिरणाऱ्या 70 फुटी नॅरोबोटी (कालव्यांसाठीच्या लांब, अरुंद बोटी) इथे बसत नाहीत. रुंदी मात्र चौदा फुटांची, त्यामुळे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी एकाच लॉकमध्ये मावतात. मागून बोट येत असेल तर थांबा, जोडीने जा. पाणी वाचतं आणि अंगमेहनतही निम्मी होते. स्किप्टन-सिल्सडनच्या भाड्याच्या बोटी याच मापाच्या असतात. प्रश्न येतो तो दुसऱ्या कालव्यावरून बोट आणणाऱ्यांना.

7. बिंगलीच्या पाच पायऱ्यांच्या लॉकची भीती वाटते. ते टाळता येतं का?

सॉल्टेअरला बोटीने जायचं तर टाळता येत नाही, आणि टाळू नका. बिंगली फाइव्ह राइज 1774 ला सुरू झालं. पाच लॉक एकाला एक जोडून, वरच्याचा खालचा दरवाजा तोच खालच्याचा वरचा. मध्ये मोकळं पाणी अजिबात नाही. सुमारे 59 फुटांची चढण, आणि इतका तीव्र चढ ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही लॉकमालिकेला नाही.

चूक होण्याची शक्यता आहे म्हणूनच इथे लॉककीपर असतात. कुठलं दार, कुठली झडप, कधी, हे ते सांगतात. तुम्ही फक्त ऐकायचं. तासभर ते दीड तास धरा. मात्र ते ठरावीक वेळेतच असतात आणि दुपारनंतर शेवटची बोट सोडून कुलूप लावतात. आम्ही पहिल्या वर्षी वाटेत जेवायला थांबलो आणि वरच्या टोकाला पोहोचलो तेव्हा कुलूप लागलेलं होतं. ती रात्र तिथेच काढली आणि सॉल्टेअरचा अर्धा दिवस गेला. आदल्या संध्याकाळीच, कालव्यांचा कारभार बघणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या दिवसांच्या वेळा बघून ठेवा.

पाचांच्या खाली लगेच तीन पायऱ्यांचं लॉक आहे, मग डाउली गॅपचे दोन, आणि सॉल्टेअरच्या आधी हर्स्टचा एक. डाउली गॅपजवळ कालवा सात कमानींच्या दगडी पुलावरून एअर नदी ओलांडतो. खाली नदी, वर तुमची बोट. मुलांना ही जागा आधी सांगून ठेवा, नाहीतर ती आत पत्ते खेळत बसतील आणि पूल मागे जाईल.

वाटेतल्या जुन्या दगडी पुलांच्या कोपऱ्यांवर हात फिरवून बघा. घोडे बोटी ओढायचे तेव्हा ओला, वाळू लागलेला दोर दगडावर घासून जायचा. त्याच्या खाचा अजून आहेत. काही इतक्या खोल की हाताचं बोट आत बसतं, आणि कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत लागतात.

8. सॉल्टेअरमध्ये बोट कुठे बांधायची?

गिरणीच्या आसपास पाहुण्या बोटींसाठी जागा आहेत. किती दिवस थांबता येईल ते तिथल्या पाटीवर लिहिलेलं असतं, आणि ते पाळायचं. शनिवार-रविवारी या जागा लवकर भरतात. जागा नसेल तर हर्स्टच्या बाजूला झाडीत बांधा आणि टोपाथने, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेने, चालत या. सकाळी त्या पायवाटेने गिरणीकडे येणं मला बोटीइतकंच आवडतं.

9. एका दिवसात काय काय बघायचं?

गिरणीपासून सुरुवात करू नका. ती सकाळी लवकर उघडतही नाही, आणि आठवड्यातले काही दिवस बंद असते. आधी गल्ल्यांमधून फिरा (प्र. 10), मग व्हिक्टोरिया रोडवर या. तिथे समोरासमोर शाळा आणि व्हिक्टोरिया हॉल आहेत. कोपऱ्यांवर चार दगडी सिंह: जागरूकता, निश्चय, युद्ध आणि शांती. व्हिक्टोरिया हॉल 1871 चा. त्यात ग्रंथालय, वाचनालय, व्याख्यानाची खोली आणि बिलियर्डची खोली होती. रस्त्याच्या वरच्या अंगाला वृद्धांचा निवारा आणि इस्पितळाची इमारत.

मग उतारावरून खाली, रेल्वेवरून पुढे गिरणीत. प्रवेश विनामूल्य आहे. बंद पडलेली ही इमारत 1987 मध्ये जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्या उद्योजकाने विकत घेतली आणि आत डेव्हिड हॉकनीच्या चित्रांचं दालन सुरू केलं. हॉकनीही ब्रॅडफर्डचाच. एकेका मजल्याची लांबी बघायला चित्रांकडे पाठ करून उभं राहा: दगडी फरशी, ओतीव लोखंडाचे खांब एकामागोमाग एक, दुसरं टोक धूसर. भरभराटीच्या काळात इथे 1200 माग होते आणि रोज 30000 यार्ड कापड निघायचं. आज तिथे लिलीच्या फुलांचा वास असतो. आवाज मात्र नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त जाणवतो.

दुपारी गिरणीसमोरचं चर्च. 1859 चं, गोल मनोऱ्याचं. सॉल्ट 1876 च्या डिसेंबरात गेला, त्याला याच चर्चला लागून असलेल्या दालनात पुरलं. शेवटी नदीपलीकडची रॉबर्ट्स पार्क. तिथे सॉल्टचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर अल्पाका व अंगोरा बोकड कोरले आहेत.

10. घरांच्या आत जाता येतं का? बाहेरून बघण्यासारखं काय आहे?

आत जाता येत नाही, ती लोकांची राहती घरं आहेत. खिडकीतून फोटो काढू नका. पण बाहेरून खूप वाचता येतं.

पहिल्यांदा पाट्या वाचा. रस्त्यांना सॉल्टच्या बायकोचं आणि मुलांचं नाव दिलंय: कॅरोलाइन, जॉर्ज, अमेलिया, फॅनी, हर्बर्ट, एडा. त्याला अकरा अपत्यं होती. लॉकवूड आणि मॉसन यांच्याही नावाचे रस्ते आहेत. मग घरांची उंची बघा. साध्या कामगाराचं घर दोन मजली, अरुंद, सरळ फुटपाथवर उघडणारं. मुकादमाचं थोडं मोठं, तीन मजली किंवा पुढे छोटी बाग असलेलं. गिरणीतली हुद्द्यांची उतरंड इथे दगडात बांधून ठेवली आहे. दारावरची कमान, खिडकीची चौकट बघून मागच्या माणसाचा पगार ओळखता येतो.

मागच्या बोळातही जा. प्रत्येक घराला स्वतःचं छोटं आवार आणि त्यात स्वतःचा संडास होता. आज हे वाचून काही वाटत नाही. पण परळच्या चाळीत माझी आई सकाळी साडेचारला बादली घेऊन सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहायची, ते मी बघितलंय. त्या बोळात उभं राहून ते आवार बघताना मला वेळ लागतो.

11. टायटस सॉल्ट चांगला मालक होता की नुसता हुशार?

दोन्ही होता, आणि एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. स्वच्छ पाणी, गॅसचे दिवे, हवेशीर खोल्या, मोफत उपचार, म्हाताऱ्यांना राहायला जागा आणि वर निवृत्तिवेतन. त्या काळच्या ब्रॅडफर्डशी ताडून पाहिलं तर हे फार मोठं होतं. त्याच्या अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा लाखभर लोक उभे होते असं सांगितलं जातं.

पण घर गिरणीचं होतं. गिरणी सोडली तर घर सोडायची पाळी येई. लहान मुलं अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत असायची, कायद्याने ते चालत होतं. गावात दारूचं दुकान काढायला त्याने परवानगी दिली नाही (प्र. 14). कपडे धुण्यासाठी वेगळं धुणीघर बांधलं, पण बायकांनी ते फारसं स्वीकारलं नाही.

मला विचाराल तर त्याने माणसांना माणसासारखं ठेवलं, पण त्यांनी कसं जगावं हेही त्यानेच ठरवलं. गावात फिरताना हे दोन्ही एकदम दिसतं. फक्त एकच दिसलं तर अजून एक फेरी मारा.

12. मुंबईच्या गिरणगावाशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही. सॉल्टेअर लोकरीचं, मुंबई कापसाची. पण काळ विलक्षण जुळतो. सॉल्टची गिरणी 1853 ची. कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली 1854 मध्ये आणि 1856 मध्ये ती चालू झाली. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रं डोंगरापलीकडच्या लँकेशायरमधून, ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून, जहाजाने यायची. शेवटही जवळजवळ एकाच दशकात आला: मुंबईत 18 जानेवारी 1982 चा संप, इथे 1986 चं कुलूप.

आणखी एक धागा आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांत रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा पाकिस्तानातल्या मीरपूरमधून आणि भारतातल्या पंजाब व गुजरातमधून कामगार आले. त्यांची नातवंडं आज ब्रॅडफर्डमध्ये आहेत.

फरक मात्र मोठा आहे. सॉल्टेअरचं वाचनालय मालकाने बांधलं. गिरणगावातल्या व्यायामशाळा, भजनी मंडळं, खानावळी, गावकऱ्यांच्या खोल्या कामगारांनी स्वतः उभ्या केल्या. इथली इमारत टिकली म्हणून जगाच्या वारशात गेली. आमच्याकडे चिमण्या पडल्या, मॉल आले, आणि माणसांनी उभं केलेलं फोटोत उरलं. याचं दुःख मला इथे दरवेळी होतं.

13. शाकाहारी जेवणाचं काय?

गिरणीतल्या उपाहारगृहात आणि गावातल्या कॅफेंमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात. पण यॉर्कशायरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. नुसते बटाटे आहेत म्हणून गृहीत धरू नका, आधी विचारा. बोटीवर गॅसची शेगडी, फ्रीज आणि मोरी असते. पिठलं-भात, खिचडी आरामात होते. डाळ, मसाले, पोहे ब्रॅडफर्डमध्ये मिळतात, सॉल्टेअरहून आगगाडीने जवळ आहे. एक सवय मात्र बदला: बोटीतलं पाणी टाकीतलं असतं, नळ सोडून भांडी घासायची नाहीत, आणि वाटेतल्या नळावर टाकी रोज भरायची.

14. गावात दारू मिळत नाही हे खरं का?

सॉल्टच्या काळात खरं होतं. आता मिळते.

15. कुठल्या महिन्यात जावं? कालवा कधी बंद असतो का?

मे ते सप्टेंबर उत्तम. नोव्हेंबर ते मार्च लॉकच्या दुरुस्त्यांसाठी वेगवेगळे पट्टे बंद ठेवतात. उलट उन्हाळा कोरडा गेला तर तलावांतलं पाणी कमी होतं आणि लॉक बंद होतात. 2010 च्या ऑगस्टमध्ये या कालव्याचा मोठा भाग त्याच कारणाने बंद झाला होता. इंग्लंडमध्ये पाण्याअभावी बोट अडकेल हे आपल्या मनातच येत नाही. आरक्षण करताना असं झालं तर काय, हे लेखी विचारून घ्या. फाइव्ह राइज बंद असेल तरी वरचा पट्टा बहुधा चालू असतो: बिंगलीपासून गारग्रेव्हपर्यंत 17 मैल एकही लॉक नाही. मग बोट बिंगलीला वर बांधा आणि प्र. 17 मधल्या वाटेने जा.

16. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत. जमेल का?

जमेल. मुलांना बाहेर असताना जीवरक्षक जाकीट, सतत. लॉकच्या काठावर पळायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी करा. आजी-आजोबांना बोटीत चढताना पायरी उंच पडते, हात द्या. चालत्या बोटीच्या छतावर कोणीही बसायचं नाही, पूल खूप ठेंगणे आहेत. गावात व्हिक्टोरिया रोडला चढ आहे. थकलेल्या माणसांना वरच्या बाजूने फिरवून खाली गिरणीकडे आणा, उलटं नको.

17. बोट घेणं परवडत नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

नक्कीच आहे. सॉल्टेअरला गिरणीच्या दारातच रेल्वे स्टेशन आहे, लीड्सहून साधारण पाव तास. ते 1965 मध्ये बंद झालं आणि 1984 मध्ये पुन्हा सुरू झालं. मला विचाराल तर आगगाडीने बिंगलीला उतरा, फाइव्ह राइज बघा आणि कालव्याच्या काठाकाठाने तीनेक मैल चालत सॉल्टेअरला या. वाट सपाट आहे, बोटी तुमच्याच वेगाने शेजारून जातात, आणि शेवटचं वळण संपताच झाडांच्या वर चिमणी दिसते.

18. कालव्याची किल्ली सॉल्टेअरमध्ये हरवली. आता?

फिरत्या पुलांसाठी आणि पाण्याच्या नळांसाठी लागणारी ट्रस्टची किल्ली बोटवाल्यांकडूनच मिळते, त्यांना लगेच फोन करा. शेजारच्या बोटीला विचारायला लाजू नका, कालव्यावर लोक एकमेकांना मदत करतात. आणि निघतानाच किल्ली बुचाच्या तरंगत्या गोळ्याला अडकवलेली आहे का ते बघा. नसेल तर तशी मागून घ्या, म्हणजे पाण्यात पडली तरी वर दिसते.